कापलेली शांतता

१

दर रविवारी चर्चमध्ये उपासना सुरू व्हायच्या आधी तो व्यासपीठावर चढायचा, माइकला दोन टिचक्या मारायचा आणि म्हणायचा, "हॅलो, टेस्टिंग." चौदा वर्षं हाच कार्यक्रम. त्यामुळे मंडळीतली लहानमोठी सगळी त्याला टेस्टिंगभाऊच म्हणत. त्याचं खरं नाव पाळकसाहेबांच्या रजिस्टरमध्ये असेल तेवढंच.

आठवडाभर तो कानाची मशीनं दुरुस्त करायचा. दुकान एवढंसं. काउंटरवर भिंग, चिमटा, मळ काढायचा बारीक ब्रश आणि बटणाएवढ्या बॅटऱ्यांची डबी. गिऱ्हाइकं सगळी ओरडून बोलणारी. त्यामुळे याचाही आवाज चढलेला असायचा आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, आत रोज भांडण जुंपलेलं असतं. माणूस मात्र गरीब. लग्न राहून गेलेलं. एक मोठी बहीण होती, ती दोन गल्ल्या पलीकडे वेगळी राहायची.

चर्चच्या मागच्या बाजूला काचेची एक खोली होती, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं श्वास धरावा एवढी. तिथे कानाला हेडफोन लावून तो सगळी उपासना रेकॉर्ड करायचा. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही अशी नऊ माणसं होती. दुपारी घरी बसून तो नऊ पेनड्राइव्हवर उपासना चढवायचा आणि चहाच्या वेळेपर्यंत सायकलवरून घरोघर पोचवायचा. एक पैसा घेत नसे. लोक म्हणत, देवमाणूस आहे. ते ऐकलं की तो घाईघाईनं सायकलचं कुलूप शोधायला लागायचा.

कॉपी करताना एक काम तो न चुकता करायचा. पापांगीकाराच्या वेळी पाळकसाहेब म्हणत, "आता आपण शांतपणे आपापली पापं देवापुढे कबूल करू." मग अर्धं मिनिट कोणी बोलत नसे. त्यानंतर क्षमेची घोषणा होई. सुरुवातीला तो हे अर्धं मिनिट तसंच ठेवायचा. पण कोणाला वाटायचं मशीन बंद पडलं, कोणी भलतंच बटण दाबून सगळं पुसून टाकायचं. एक-दोन तक्रारी आल्या आणि त्यानं ती शांतता कापायला सुरुवात केली. "कबूल करू" संपलं की लगेच "देव दयाळू आहे". जोड इतका बेमालूम, की पाळकसाहेबांनाही कळला नसता. नऊ म्हातारी माणसं कितीतरी वर्षं कबुलीशिवायच क्षमा ऐकत होती.

आणि चर्चमध्ये त्या अर्ध्या मिनिटात तो स्वतः काय करायचा? स्क्रीनवरच्या आवाजाच्या पट्ट्या नीट खाली आल्यात का ते बघायचा. काम असतं ना माणसाला.

२

नऊ जणांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. निम्म्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवलेली, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणत. कमरेखाली पाय गेलेले, पण डोकं लख्ख. एका रविवारी तो पेनड्राइव्ह घेऊन गेला तेव्हा त्या म्हणाल्या,

"मागच्या वेळी शांतता ठेवलीस ती. बरं केलंस हो."

"कसली शांतता, बाई?"

"पापांगीकारातली. चांगली मोठी होती. फक्त एक सांग, तिथे मधेच कोण बोलायला लागतं?"

तो हसला. "कोणी नाही बोलत. मी ती जागा कापतो. तुम्हाला झोप लागली असेल."

"झोप?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं. त्या नजरेनं याची मुलं, असती तर, तीही सरळ झाली असती. "अरे, कोणीतरी श्वास घेतं. आपण बोलायला तोंड उघडताना घेतो तसा. आणि मग बोलतच नाही. एकदा नाही, तीन-चारदा. ऐकून माझाच जीव घाबरा होतो. वाटतं, बोलून टाक बाबा एकदाचं."

बाईंच्या कानाचं मशीन त्यानंच पंधरा दिवसांपूर्वी बसवलं होतं. ते शिटी वाजवत असेल, असं म्हणून त्यानं ते तपासलं. मशीन ठणठणीत होतं. मग त्यानं त्यांच्या उशाशी असलेला छोटा प्लेअर उचलला, मागच्या रविवारचा पेनड्राइव्ह लावला आणि कानाला धरला.

"...आपापली पापं देवापुढे कबूल करू."

आणि पुढे काहीच नाही. पंख्याची घरघर. कुठेतरी बाक करकरला. कोणीतरी खोकला दाबला. त्यानं मनगटावरच्या घड्याळात बघितलं. अर्धं मिनिट झालं. एक मिनिट झालं. मग अगदी माइकला तोंड लावल्यासारखा जवळून एक श्वास आला. आत घेतलेला, वर चढलेला आणि अडकलेला. शब्द काही आला नाही.

एक मिनिट चाळीस सेकंदांनी पाळकसाहेब म्हणाले, "देव दयाळू आहे."

"ऐकलंस?" बाई म्हणाल्या.

"पंखा आहे तो," टेस्टिंगभाऊ म्हणाला आणि त्याचं त्यालाच पटलं नाही.

३

घरी येऊन त्यानं कॉम्प्युटरवरची मूळ प्रत उघडली. शांतता कापलेली होती. जोड जिथल्या तिथे. बाईंकडचा पेनड्राइव्ह त्यानं मागून आणला होता, तो कॉम्प्युटरला लावला. त्यातही कापलेली. एकूण वेळ एक तास बारा मिनिटं, दोन्हीकडे सारखीच.

तो डोकं शाबूत असलेला माणूस होता. त्यानं क्रमानं विचार केला. प्लेअर जुना आहे, अडकत असेल. अडकला तर आवाज तुटतो, पंख्याची घरघर अशी सलग येत नाही. बरं, बाईंकडे भलताच पेनड्राइव्ह गेला असेल. पण कापायला लागल्यापासून न कापलेली प्रत त्यानं ठेवलीच नव्हती. शेवटी तो मान खाली घालून स्वयंपाकघरात गेला आणि भूक नसताना पोळी खाल्ली.

पुढच्या रविवारी त्यानं नऊच्या नऊ पेनड्राइव्ह घरात बसून, वेगळ्या प्लेअरवर तेवढी जागा लावून ऐकले. सगळ्यांत शांतता कापलेली. अदलाबदल होऊ नये म्हणून एकाएकाला रंगीत चिकटपट्टी लावली आणि पोचवून आला.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. नऊ जणांतला एक म्हातारा ट्रकड्रायव्हर होता, अर्धांगवायू झालेला. तोंड वाकडं झाल्यामुळे तो एकेक शब्द ढकलत बोलायचा.

"भाऊ, काल तुम्ही फार वेळ दिलात."

टेस्टिंगभाऊनं चिमटा काउंटरवर ठेवला. "किती वेळ?"

"मोजला नाही. पण माझं सगळं बोलून झालं." मग त्यानं पुढचे शब्द ढकलले. "एक माणूस माझ्या गाडीखाली आला होता. मी थांबलो नव्हतो. चाळीस वर्षं झाली. कधी बोलायला जागाच मिळाली नाही बघा. रडलो काल. बरं वाटलं."

टेस्टिंगभाऊ 'बरं झालं' म्हणाला, आणि ते म्हणताना त्याला स्वतःची लाज वाटली. कोणाच्या तोंडचं काय आपण कापत होतो, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

"एकच त्रास आहे," ड्रायव्हर म्हणाला. "ते टकटक जरा कमी करता येईल का?"

"कसलं टकटक?"

"बटण दाबल्यासारखं. टक, टक. बटण दाबतंय कोणीतरी आणि पुढे काही होतच नाहीये."

४

आता अकरा वर्षांमागची गोष्ट सांगायला हवी. त्यानं ती कोणाला सांगितली नव्हती, देवालाही नाही.

आई अंथरुणाला खिळली होती. त्यानं तिच्यासाठी स्वतःच्या हातानं बेल जोडली. वायरच्या टोकाला पांढरं बटण, ते आईच्या मुठीत. बेल याच्या खोलीत. प्लग दोन खोल्यांमधल्या फळीवर. आईच्या आणि याच्या खोलीत प्लायवूडची पातळ भिंत होती, खाकरलेलं ऐकू जाईल अशी.

आई दर दहा मिनिटांनी बेल वाजवायची. पडदा ओढ. पडदा सोड. किती वाजले. काही नको, तू आहेस ना बघत होते. दोन रात्री तो झोपला नव्हता. त्या दुपारी ताईनं फळी पुसली, औषधं आणायला तासाभरासाठी बाहेर गेली आणि जाताना म्हणाली, "लक्ष ठेव रे."

ती गेल्यावर त्यानं प्लग काढला. फक्त अर्धा तास झोपू, एवढंच त्याच्या मनात होतं. कोणाच्याही मनात आलं असतं.

पण बेल बंद असली तरी बटणाचा आवाज यायचाच. टक. भिंतीपलीकडून. टक, टक. तो पडून ऐकत होता. एकदा त्याला वाटलं उठावं. मग वाटलं, पडदाच असेल. थोड्या वेळानं आवाज थांबला, आणि त्याला बरं वाटलं. तेवढं बरं त्याला आयुष्यात फार कमी वेळा वाटलं होतं. तो झोपला.

ताईच्या किंकाळीनं तो जागा झाला. आई गेली होती. बटण अजून मुठीत होतं. ताईला फळीवर लोंबणारा प्लग दिसला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "मी पुसताना निघाला असणार. माझ्या हातून निघाला."

तेव्हा तो एकच शब्द बोलला. "असेल."

बस. एवढंच. त्यानंतर ताई घर सोडून वेगळी राहायला गेली. चर्चला येते, मागून तिसऱ्या बाकावर बसते, पण प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, उठत नाही. कोणी विचारलं तर म्हणते, "माझी कबुली अजून पुरी व्हायचीये." अकरा वर्षं ती त्या अर्ध्या मिनिटात, जे पाप तिचं नाहीच ते, कबूल करत आली आहे. आणि तिच्या मागे काचेच्या खोलीत हा आवाजाच्या पट्ट्या बघत उभा.

५

बुधवारी तो पाळकसाहेबांकडे गेला. ते पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतःच्या घराचा नळ दुरुस्त करत बसले होते आणि नळ त्यांना जुमानत नव्हता.

"या टेस्टिंगभाऊ. तुम्ही आवाज आणता, हा नळ नुसताच आवाज करतो."

"साहेब, पापांगीकाराच्या वेळी तुम्ही किती वेळ थांबता?"

"मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना म्हणतो. तेवढाच. का हो, लांबतंय?"

"नाही, रेकॉर्डिंगसाठी विचारलं."

पाळकसाहेबांनी पाना खाली ठेवला. "खरं सांगू? थोडा जास्तच थांबतो हल्ली. तुमच्या ताईंमुळे. मी घोषणा सुरू करतो तरी त्यांचे ओठ हलतच असतात. वाटतं, संपू दे बिचारीचं. पण ते संपत नाही. मी विचारलं एकदोनदा, मदत करू का म्हणून. त्या म्हणाल्या, साहेब, मी सगळं सांगते देवाला, पण कोणी ऐकून घेतंय असं वाटत नाही." त्यांनी ओले हात पुसले. "तुम्ही भाऊ आहात. तुम्हाला काही माहीत आहे?"

समोर माणूस चांगला होता. वेळ दुपारची, घरात दुसरं कोणी नव्हतं. याहून सोपी जागा मिळाली नसती. टेस्टिंगभाऊनं तोंड उघडलं आणि श्वास घेतला.

तो श्वास वर चढला आणि अडकला.

आणि तो त्यानं ओळखला. बाईंच्या उशाशी, प्लेअर कानाला धरून ऐकलेला तोच श्वास. तीच लय, तोच शेवटचा बारीक आचका. म्हणजे इतकी वर्षं नऊ घरांसाठी जे कापून टाकलं होतं, ते त्याचं स्वतःचं होतं.

"काही नाही, साहेब," तो म्हणाला. "वॉशर बदला, नळ थांबेल."

६

त्या रविवारी ऊन छान पडलं होतं. चर्च भरलेलं होतं. त्यानं माइकला टिचक्या मारल्या, "हॅलो, टेस्टिंग" म्हटलं, पोरं नेहमीसारखी हसली. ताई मागून तिसऱ्या बाकावर कडेला येऊन बसली. त्यानं काचेच्या खोलीचं दार लावून हेडफोन चढवले.

"आता आपण उभे राहून शांतपणे आपापली पापं देवापुढे कबूल करू."

सगळे उभे राहिले. माना खाली गेल्या. पट्ट्या खाली आल्या. त्यानं घड्याळाकडे बघितलं. अर्धं मिनिट. एक मिनिट. दोन.

काचेपलीकडे कोणी हललं नाही. पाळकसाहेब हात जोडून उभे. पुढच्या बाकावरच्या एका बाळानं तोंड उघडलं होतं, जांभई देताना, ते मिटलं नव्हतं. सेकंदकाटा मात्र चालत होता. तीन मिनिटं. हेडफोनमध्ये पंखा घरघरत होता आणि त्या घरघरीच्या मागे कोणीतरी होतं. बोलत नव्हतं. रागावलेलंही नव्हतं. बाईंनी फळ्याजवळ उभं करून ठेवावं आणि पोराला उत्तर येईपर्यंत थांबावं, तसं नुसतं थांबलेलं. त्या थांबण्याला घाई नव्हती. तो गप्प राहिला तर ते असंच थांबेल, बाळ असंच तोंड उघडं ठेवून राहील, आणि कोणाला कधीच क्षमा ऐकू येणार नाही, असं त्याला स्पष्ट कळलं.

"देवा," तो म्हणाला. "प्लग मी काढला."

काही झालं नाही. काटा चालत राहिला.

"मला ऐकू येत होतं. ती बटण दाबत होती आणि मला ऐकू येत होतं. मी उठलो नाही." तो रडत होता, नाक पुसायलाही हात उठत नव्हता. "आणि ताईला मी 'असेल' म्हणालो. आईचं एकवेळ झोपेपायी झालं, देवा. ताईचं मी जागेपणी केलं. रोज केलं."

बाळानं तोंड मिटलं. पाळकसाहेबांनी मान वर केली. "देव दयाळू आहे," ते म्हणाले, आणि लोक बसले, पुस्तकांची पानं सळसळली, पेटीवर सूर लागला. त्याचं सगळं अंग हलकं झालं. तो काचेला कपाळ टेकून उभा राहिला. सुटलो, असं त्याला वाटलं, आणि खरंच तो सुटला होता.

मग त्याच्या लक्षात आलं, की गाणं सुरू झालेलं दिसतंय पण ऐकू येत नाही. त्यानं एका कानावरचा हेडफोन सरकवला. बाहेर सगळे दणक्यात गात होते. पुन्हा लावला. आत शांतता. पंखा. टक. टक, टक.

सगळे बसले होते, आणि ताई उभीच होती. मान खाली. ओठ हलत होते. तिची शांतता संपलीच नव्हती.

तिच्या शेजारी आणखी कोणीतरी उभं होतं. बारीक, वाकलेलं, खांद्यावर शाल. याच्याकडे पाठ होती. एक हात पुढच्या बाकाच्या पाठीवर ठेवलेला, आणि त्या हाताचा अंगठा लाकडावर दाबत होता, उचलत होता, पुन्हा दाबत होता.

७

चौदा वर्षांत उपासना चालू असताना तो कधी त्या खोलीतून बाहेर पडला नव्हता. त्यानं हेडफोन काढून ठेवले, दार उघडलं आणि बाकांमधल्या वाटेनं चालायला लागला. लोक गाता गाता वळून बघत होते. कोणाला वाटलं असेल, माइक बिघडला. मधे उठून उभ्या राहिलेल्या एका उंच माणसाची पाठ आडवी आली, आणि ती पार करून तो तिसऱ्या बाकापाशी पोचला तेव्हा ताईशेजारी कोणी नव्हतं.

तो तिच्या कानाशी वाकला. ओरडून बोलायची सवय, पण आज तो कुजबुजला.

"ताई. प्लग तुझ्या हातून नव्हता निघाला. मी काढला होता. मला झोपायचं होतं. आणि ती बोलावत होती ते मला ऐकू येत होतं."

ताईचे ओठ थांबले. तिनं मान वर केली नाही. तिचा हात आला आणि याचं मनगट धरलं, इतकं घट्ट की नखं आत रुतली.

"अकरा वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"अकरा वर्षं मी आरशात बघितलं नाही नीट."

गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं. ताईनं मनगट सोडलं नाही.

"घरी गेल्यावर मी तुला काय बोलेन, मला माहीत नाही," ती म्हणाली. "आज माफ वगैरे करेन असं समजू नकोस."

"नाही समजत."

मग ती खाली बसली. अकरा वर्षं खांद्यावर धरलेलं काहीतरी ठेवून दिल्यासारखी, हळूच. थोड्या वेळानं गाण्याच्या आवाजाखाली म्हणाली, "आई इथे म्हणायची मला, तो येईल. दर रविवारी म्हणायची. मला वाटायचं, माझ्याच मनाचे खेळ आहेत."

ताई बाकावर आत सरकली. तो कडेला टेकला. दोघांच्या मधे एका माणसापुरती जागा राहिली होती, म्हणून तो तिच्याजवळ सरकायला गेला. ताईनं हात आडवा धरून त्याला थांबवलं.

"तिथे नको," ती म्हणाली. "बसलीये ती."